आभाळ भरलेल्या दिवसांत परड्यातल्या छोट्या पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे

जुलै लागला की आमच्या साताऱ्यात आठ-आठ दिवस अजिंक्यतारा किल्ला धड दिसत नाही, सकाळी नऊ वाजतासुद्धा स्वयंपाकघरात ट्यूब लावावी लागते, आणि नेमकं त्याच दिवसांत परड्यात पक्ष्यांची सगळ्यात जास्त गडबड चालू असते. हमेलिया फुललेला असतो, कर्दळीच्या पानांवर पाणी साचलेलं असतं, शिंपी सकाळपासून एकच सूर धरून बसलेला असतो, कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात. आणि कॅमेरा उचलला की फोटो येतो काळा, नाहीतर हललेला. बरेचजण मग ऑक्टोबरपर्यंत कॅमेरा डब्यात ठेवून देतात. मला ते फार चुकीचं वाटतं, कारण माझे आवडते बहुतेक फोटो याच चार महिन्यांतले आहेत. ढगाळ उजेडात पक्ष्याच्या अंगावर कडक सावल्या पडत नाहीत, पिसांचे रंग खरे दिसतात, पानं धुतलेली असतात. फक्त काम वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं, तीच पद्धत इथं लिहिते.

हिवाळ्यातही हे उपयोगी पडेल, विशेषतः किल्ल्याच्या उत्तर पायथ्याला ज्यांची घरं आहेत त्यांना. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून वर येतो आणि मध्ये किल्ला उभा, त्यामुळं गावात ऊन पडलं तरी त्या घरांच्या परड्यात बराच वेळ सावलीच असते.

आधी अंधार किती आहे ते समजून घ्या

फोटोग्राफीत एक जुना ठोकताळा आहे. कडक उन्हात अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/१६ (आकडा लहान तेवढं भोक मोठं), आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १०० आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१०० सेकंद ठेवलं की फोटो बरोबर येतो. आभाळ गच्च भरलं की तोच फोटो काढायला अॅपर्चर एफ/५.६ पर्यंत उघडावं लागतं, म्हणजे उजेड आठपटीनं कमी झालेला असतो. आणि हे उघड्या मैदानातलं झालं. तुमचा पक्षी बसलाय पेरूच्या खाली, तिथं उजेड आणखी चौथाई झाला असं धरा. म्हणजे एफ/५.६ आणि आयएसओ १०० ला शटर येतं १/२५, आणि १/२५ ला शिंजीर म्हणजे नुसता जांभळा धुरळा.

आता आपल्याला पाहिजे समजा १/४००. १/२५ चं १/५०, मग १/१००, मग १/२००, मग १/४००, चार वेळा दुप्पट. तर आयएसओ पण चार वेळा दुप्पट करावा लागणार, २००, ४००, ८००, १६००. म्हणजे पावसाळ्यात भर दुपारी झाडाखाली आयएसओ १६०० ही साधी गोष्ट आहे, रिपरिप सुरू झाली की ३२००, आणि पाचच्या पुढं ६४००. हे गणित एकदा स्वतः कागदावर करून बघा, कारण ते डोक्यात बसलं की आकडा बघून छातीत धस्स होत नाही.

मी पहिले दोन पावसाळे वाया घालवले ते याच भीतीनं. कॅमेरा घेतला तेव्हा दुकानात सांगितलं होतं की आयएसओ ८०० च्या वर कधी नेऊ नका, फोटो खराब होतो, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की मेनूतच ८०० ची मर्यादा लावून टाकली. शेकडो फोटो काढले, सगळे एकतर हललेले नाहीतर काळोखे. एकदा मुलानं कॅमेरा हाताळताना ती मर्यादा काढली आणि मला कळलं नाही, त्या संध्याकाळी दयाळाच्या मादीचे सात-आठ फोटो काढले, आयएसओ गेला होता ३२०० वर, आणि पहिल्यांदाच तिच्या पाठीवरचा राखाडी रंग आणि डोळ्यातला ठिपका स्वच्छ दिसला. दाणे, म्हणजे बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा, होते फोटोत, पण पक्षी जिवंत दिसत होता.

दिवसाची वेळ: इथं नेहमीचा सल्ला विसरा

पक्ष्यांचे फोटो म्हणजे पहाटे उठा असं सगळे सांगतात. उन्हाळ्यात, हिवाळ्यात बरोबर आहे. पण पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना पहाटे उजेडच नसतो, दयाळ अंधारात गात असतो ते ऐकायला उठा, कॅमेरा राहू दे. गच्च ढगात सगळ्यात जास्त उजेड सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात असतो, आणि हवा गार असल्यामुळं पक्षीही दुपारी गप्प बसत नाहीत, दिवसभर खात असतात. त्यातही सर पडून गेल्यानंतरची उघडीप सोडू नका. पाऊस थांबला की पाच मिनिटांत सगळे बाहेर येतात, भिजलेले पंख झाडतात, पिसं विंचरतात, आणि हा वेळ असा असतो की पक्षी एका जागी बसतो. छोट्या पक्ष्याचं एका जागी बसणं म्हणजे काय चीज आहे हे ज्यानं नाचणाच्या मागं कॅमेरा फिरवलाय त्यालाच कळेल.

परडं आधी तयार करा, कॅमेरा नंतर

माझं ठाम मत आहे की कमी उजेडातला फोटो निम्म्याहून जास्त परड्यात ठरतो. लेन्सवर पैसे घालायच्या आधी हे करा, यात खर्च जवळजवळ नाहीच.

एक दिवस कॅमेरा न घेता परड्यात खुर्ची टाकून बसा आणि नुसतं बघा, कुठल्या पक्ष्याची येण्या-जाण्याची वाट कुठली आहे. छोटे पक्षी ठरलेल्या वाटेनं येतात. आमच्याकडं शिंजीर आधी शेवग्याच्या शेंड्यावर बसतो, तिथून तारेवर, तारेवरून हमेलियावर. चष्मेवाले दहा-बाराच्या टोळीनं येतात आणि कढीपत्त्यातून पारिजातकात जातात, रोज त्याच दिशेनं. शिंपी घेवड्याच्या मांडवाखालून, जमिनीपासून हात-दीड हातावर. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हे सगळं माझ्या आधीपासून पाठ होतं, भाजी तोडता तोडता बघितलेलं. घरात असं कोणी असेल तर त्यांना विचारा.

मग त्या वाटेवर अशी जागा शोधा जिथं वर आभाळ मोकळं आहे. झाडाच्या पोटात नको, झाडाच्या कडेला. आयएसओ एकच ठेवून कॅमेरा दोन्ही ठिकाणी रोखून बघा, पेरूच्या आत आणि पेरूच्या बाहेर चार फुटांवर शटरमध्ये चौपट फरक दिसतो. हा चौपट उजेड फुकट आहे. त्या जागी एक वाळकी डहाळी बांबूला बांधून उभी करा. डहाळी बोटाएवढी जाड, खडबडीत, शिंजिरासाठी तर पेन्सिलपेक्षाही बारीक. जाडजूड ओंडक्यावर दहा सेंटीमीटरचा पक्षी हरवून जातो. डहाळी फुलांपासून नाहीतर पाण्यापासून दोन-तीन फुटांवर पाहिजे, कारण पक्षी थेट खाण्यावर उतरत नाही, आधी जवळ बसून आजूबाजूला बघतो, आणि आपल्याला फोटो पाहिजे तो त्या बघण्याच्या दोन सेकंदांतला.

मागची बाजू बघायला विसरू नका. डहाळीच्या मागं पंधरा फुटांपर्यंत काही नसेल आणि मग गडद हिरवी झाडी असेल तर उत्तम. मागं पांढरं आभाळ आलं की पक्षी काळा पडणार, मागं भिंत चिकटून असली की भिंतीचे डागसुद्धा फोटोत येणार.

आणि तुमच्या पाठीमागं आभाळ मोकळं पाहिजे. हे मला फार उशिरा कळलं. ढगाळ दिवसात पक्ष्याच्या डोळ्यात जो पांढरा ठिपका चमकतो तो समोरच्या मोकळ्या आभाळाचा असतो. तुम्ही पत्र्याच्या शेडला पाठ करून बसलात तर डोळ्यात ठिपका नाही, आणि ठिपक्याशिवाय छोट्या पक्ष्याचा डोळा म्हणजे नुसतं काळं भोक. डहाळीच्या खाली, फोटोत येणार नाही असा थर्माकोलचा पांढरा तुकडा तिरका ठेवला तर पोटाकडच्या बाजूला थोडा उजेड उसळून येतो, शिंजिराच्या मादीचं पिवळं पोट त्यानं खुलतं. पहिले दोन दिवस पक्षी बिचकतात, नंतर सवय होते.

पाणी ठेवायचं तर मातीचं उथळ भांडं, दोन इंचापेक्षा खोल नको, मध्ये एक दगड. रोज ओतून घासून परत भरा, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंगीचे दिवस असतात. खायला ठेवायचं तर राळा किंवा बाजरी मूठभर, मुनिया आणि चिमण्या येतात, पण पावसात धान्याला लगेच बुरशी येते म्हणून रात्रभर ठेवू नका. ब्रेड, फरसाण अजिबात नको. भांडं आणि डहाळी दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथंच दबा धरतं.

खरं तर पावसाळ्यात पाण्याच्या भांड्यापेक्षा मोठी ओली पानं जास्त कामाची. केळीच्या, कर्दळीच्या पानावर पाणी साचलं की शिंजीर, चष्मेवाला, फुलटोच्या त्या पानावर अंग घासून घासून आंघोळ करतात. मी पाऊस नसेल त्या दिवशी कर्दळीवर झारीनं पाणी मारते, अर्ध्या तासात कोणीतरी येतंच. आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे उडायला लागले की बुलबुल, दयाळ, कोतवाल सगळे जमतात, उजेड फार कमी असतो पण पक्षी इतके खाण्यात गुंग असतात की जवळ बसू देतात.

जवळ जा, पण खिडकीतून

जवळ गेल्यानं उजेड वाढत नाही, मग फायदा काय? फायदा असा की पक्षी फोटोत मोठा येतो, नंतर कापून मोठा करावा लागत नाही, आणि दाणे तेवढे डोळ्यात येत नाहीत. साध्या क्रॉप सेन्सरच्या (आत छोटा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला ३०० मिमी लेन्स लावली आणि चार मीटरवरून फोटो काढला तर अख्खी फ्रेम साधारण एक फूट रुंद असते, त्यात दहा सेंटीमीटरचा शिंजीर एक तृतीयांश भरतो. आठ मीटरवर गेलात की तोच पक्षी क्षेत्रफळात चौथाई होतो. त्यामुळं डहाळी अशी लावा की खिडकीपासून साडेतीन-चार मीटर येईल. लेन्सचं कमीत कमी फोकसचं अंतर मात्र बघून घ्या, काही मोठ्या झूमना अडीच-पावणेतीन मीटरच्या आत फोकस होत नाही.

खिडकी उघडी पाहिजे, काचेतून नको, डासांच्या जाळीतून तर नकोच. खोलीतला दिवा बंद, अंगात गडद कपडे, गजांना जुनी चादर बांधून लेन्सपुरतं भोक. खिडकीच्या कट्ट्यावर उशी लागते आधाराला, ती घरीच करा: जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापून त्यात तांदूळ भरायचे आणि दोन्ही टोकं शिवून टाकायची. अडीच-तीन किलोची झाली की लेन्स त्यात अशी रुतून बसते की ट्रायपॉडची आठवण होत नाही.

शटर: वरून सुरू करा आणि उतरत या

आता मुख्य गोष्ट, हे नीट वाचा.

बहुतेक लोक पक्ष्याला ठरावीक एक शटर लावतात, १/१००० वगैरे, कारण तसं कुठंतरी वाचलेलं असतं. उन्हात चालतं. अंधारात त्या १/१००० साठी आयएसओ १२८०० वर जातो आणि फोटोत पिसं उरत नाहीत. पण छोटा पक्षी सतत हलत नाही, तो हलतो, थांबतो, हलतो, थांबतो. तुम्हाला थांबण्यात फोटो काढायचाय, आणि थांबलेल्या पक्ष्याला १/१२५ सुद्धा पुरतं.

तर मी असं करते. पक्षी डहाळीवर आला की पहिले चार-पाच फोटो १/५०० ला, हे खात्रीचे, दाणेदार असले तरी हातात काहीतरी आलं. तो बसून राहिला की चाक फिरवून १/२५०, सात-आठ फोटो. अजून बसलाय, अंग फुगवून बसलाय, तर १/१२५, आणि इथं सलग दहा-पंधरा फोटोंचा सपाटा, कारण यातले निम्म्याहून जास्त हललेले येणार हे गृहीत धरायचं, दोन टोकदार मिळाले की झालं. अगदी शांत बसलेला असेल आणि लेन्स उशीवर असेल तर १/६० पर्यंतही गेले आहे. १/५०० पासून १/१२५ ला आलात म्हणजे चौपट उजेड, आयएसओ ६४०० चा १६०० झाला, आणि हा फरक फोटोत साध्या डोळ्यांना दिसतो.

लेन्समधलं स्टॅबिलायझर हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याचं हलणं थांबवत नाही. बऱ्याच जणांचा इथं गोंधळ होतो, कंपनीनं चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) लिहिलंय म्हणून १/३० ला चष्मेवाला काढायला बघतात.

पक्षी कधी थांबतो ते ओळखायला शिकावं लागतं आणि ते प्रत्येकाचं वेगळं. दयाळ गाताना दोन ओळींच्या मध्ये क्षणभर एकदम स्तब्ध असतो, शेपूट वर. शिंपी ओरडत असतो तेव्हा गळा आणि चोच थरथरते, पण आवाज तोडला की लगेच पुढचा अर्धा सेकंद तुमचा. शिंजीर फुलात चोच घालतो तेव्हा अंग हलतं पण चोच बाहेर काढल्यावर एकदा वर बघतो, तेव्हा दाबा. बुलबुल सगळ्यात सोपा, नवीन माणसानं बुलबुलापासूनच सुरुवात करावी, लालबुड्या असो की शिपाई, निवांत बसतात. नाचण मात्र थांबतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याला १/८०० च्या खाली धरू नका, आणि उजेड नसेल तर त्याला नुसतं बघा. उडतानाचे फोटो या उजेडात सोडूनच द्या.

आयएसओ आणि एक्सपोजर

मोड मॅन्युअल, अॅपर्चर पूर्ण उघडं, शटर वर सांगितल्याप्रमाणे हातात, आणि आयएसओ ऑटो. कमाल मर्यादा तुमच्या कॅमेऱ्याप्रमाणे, साध्या क्रॉप सेन्सरला ६४००, फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, १२८०० ठेवायला हरकत नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काढा, जेपीईजीवर या उजेडात काम भागत नाही.

दाणे येतात ते उजेड कमी मिळाल्यामुळं, आकडा मोठा ठेवल्यामुळं नाही. आयएसओ ८०० वर काळा फोटो काढला आणि नंतर कंप्युटरवर दोन स्टॉप उचलला तर दाणे ३२०० इतकेच येतात, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याहून घाण, सावलीत रंगाचे डाग पडतात. त्यामुळं ३२०० पाहिजे तर ३२०० च लावा आणि फोटो जागेवरच उजळ काढा. जरा जास्तच उजळ निघाला तरी चालेल, नंतर खाली आणला की दाणे दबतात, फक्त पांढरा भाग जळता, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा होता, कामा नये.

हे उजळ-गडद करायचं बटण, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, अंगठ्याला पाठ पाहिजे. काही जुन्या कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना ते चालत नाही, मग शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा) लावा. मागं आभाळ आलं तर अधिक एक ते दीड स्टॉप. मागं गडद झाडी आणि पक्षी फ्रेममध्ये छोटा असेल तर उणे अर्धा ते पाऊण, नाहीतर कॅमेरा झाडी उजळवायच्या नादात पक्ष्याला पांढराफटक करतो. दयाळाचा नर अवघड, अंग काळं आणि पोट पांढरं, तिथं पोट सांभाळा आणि काळा भाग नंतर उचला. जांभळा शिंजीर तर ढगाळ दिवसात नुसता काळा दिसतो, त्याची चमक मान वळवल्यावर एका कोनातच येते, अधिक अर्धा ठेवा आणि त्या कोनाची वाट बघा. तगरीच्या फुलांजवळ असेल तर मागच्या स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारा इशारा चालू ठेवा, पांढरी फुलं पटकन जळतात.

फोकस

एकच बिंदू, सतत फोकसचा मोड, आणि बिंदू डोळ्यावर. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मधला बिंदू अंधारात सगळ्यात भरवशाचा, तोच वापरा. मिररलेसचं (बिनआरशाच्या कॅमेऱ्याचं) डोळा शोधणं छान आहे पण दाट पानांत ते पानावरच्या थेंबाला डोळा समजतं, हे माझ्याकडं बऱ्याचदा झालंय, तिथं परत एका बिंदूवर या. पक्षी यायच्या आधी डहाळीवर फोकस करून ठेवायचा, म्हणजे तो आल्यावर लेन्स पुढं-मागं धावत बसत नाही, अंधारात ती धावायला लागली की पक्षी उडून जातो तरी थांबत नाही.

चार मीटरवर ३०० मिमी एफ/५.६ ला फोकसमध्ये स्वच्छ येणारी खोली (पुढून मागपर्यंतचं अंतर) असते जेमतेम चार सेंटीमीटर. म्हणून पक्षी आडवा, तुमच्या समांतर असेल तेव्हाच काढा.

छोट्या लेन्सची युक्ती

ही मला फार आवडते आणि फारसं कोणी करत नाही. मोठ्या झूमचं अॅपर्चर असतं एफ/५.६ नाहीतर ६.३. पण ५० मिमी एफ/१.८ ही सगळ्यात स्वस्त लेन्स एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. अडचण एकच, ती पक्ष्याच्या सत्तर सेंटीमीटर जवळ पाहिजे. तर माणसाला नेऊ नका, कॅमेऱ्याला एकट्यालाच न्या.

आधी चार-पाच दिवस डहाळीपासून पाऊण मीटरवर कॅमेऱ्याएवढा रिकामा डबा ठेवा, काळी पिशवी गुंडाळून. पक्ष्यांना त्याची सवय झाली की डबा काढून त्या जागी कॅमेरा ठेवा, छोट्या ट्रायपॉडवर, वर प्लास्टिकची पिशवी. फोकस मॅन्युअल, डहाळीच्या मधोमध एक काडी धरून तिच्यावर पक्का करायचा आणि काडी काढून घ्यायची. अॅपर्चर एफ/२.८, कारण १.८ ला खोली फक्त दीड सेंटीमीटरभर येते, २.८ ला दोनच्या थोडी वर, आणि तरीही झूमच्या चौपट उजेड मिळतो. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर बंद करा. मग घरात बसून मोबाईलवरच्या अॅपमधून चित्र बघायचं आणि बटण दाबायचं. भिजलेल्या दुपारी आयएसओ ८०० ला बुलबुलाच्या गालाचं एकेक पीस मोजता येईल असा फोटो मी असाच काढलाय.

ज्यांच्याकडं फक्त मोबाईल आहे त्यांनीही हेच करा, मोबाईल पाण्याच्या भांड्यापासून फूटभर अंतरावर ठेवा आणि ब्लूटूथच्या बटणानं फोटो काढा. झूम करू नका.

फ्लॅश आणि घरटी

फ्लॅश मी वापरत नाही. ओल्या पानांवर त्याची चमक येते, पक्ष्याच्या डोळ्यात विचित्र पांढरी झाक येते, आणि ढगाळ उजेडाचा मऊपणा, ज्याच्यासाठी आपण बसलोय, तोच जातो.

घरट्याचं मात्र हात जोडून सांगते. पावसाळा म्हणजे शिंपी, राखी वटवट्या, मुनिया यांचा विणीचा काळ. शिंप्याचं पान शिवून केलेलं घरटं सापडलं की मोह होतो हे मला माहितीये, पण समोरची पानं बाजूला केली की कावळ्याला, मांजराला वाट मोकळी होते आणि पिल्लं जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. घरटं दिसलं तर डहाळी, डबा, सगळं त्या बाजूनं काढून घ्या आणि महिनाभर दुसरीकडं बसा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलवणंही नको, या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा आलाय आणि तो खाणं सोडून त्याला शोधत फिरतो.

कंप्युटरवर

आधी दाणे काढा, धार (शार्पनिंग) नंतर, उलटं केलं तर दाण्यांनाच धार येते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआयचं डीनॉइज (दाणे काढायची सोय) आलंय, चांगलं आहे, पण पूर्ण ताकदीनं लावू नका, पिसं मेणासारखी होतात, मी निम्म्याच्या आसपास थांबते. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट मिळतं आणि त्यात तुमच्या कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे दाणे काढायची सोय आहे. मागची हिरवळ आणि पक्षी वेगळे धरा, हिरवळीवर दाबून काढा, पक्ष्यावर हलक्या हातानं. झाडाखालच्या फोटोत सगळ्यावर हिरवट छटा चढते, दयाळाचं पोट नाहीतर तगरीचं फूल असेल तर त्याच्यावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा समतोल) टिपून घ्या.

आणि शंभर टक्के मोठा करून दाण्यांकडं बघत बसू नका. फोटो २००० पिक्सेल रुंदीला आणलात की निम्मे दाणे आपोआप दिसेनासे होतात. ज्या फोटोबद्दल शंका वाटते तो ए-४ आकारात छापून हातभर अंतरावरून बघा. माझा ६४०० चा चष्मेवाल्याचा फोटो आत्यांच्या खोलीत लावलाय, आजपर्यंत कोणी दाण्यांबद्दल विचारलेलं नाही.

दमटपणा

साताऱ्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. रबराची कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मोजायचा काटा, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घालायचं. कातडी पिशवीत कॅमेरा ठेवू नका. भिजून आलात तर आधी कोरड्या सुती फडक्यानं पुसा, तास-दोन तास पंख्याखाली बाहेर राहू दे, मग डब्यात. आणि कॅमेरा आठवडाभर पडून राहिला तर एकदा बाहेर काढून खिडकीत पाच-दहा मिनिटं वापरा, वापरातल्या लेन्सला बुरशी उशिरा धरते. तांदळाची उशीसुद्धा दर पंधरा दिवसांनी उन्हात टाका, नाहीतर आतल्या तांदळाला पोरकिडे होतात, आणि ऊन नसेलच तर उसवून तांदूळ बदला.